कमलबाईंना पडद्यावर मिळालेली खोली

सुरतेहून परत येऊन दोन महिने झाले. जाताना मी कॉलेजात सगळ्यांना सांगून गेले होते, की तिकडे इंटरनेटवरून सरकारचा कारभार लोकांसमोर मांडायची एक योजना सुरू झाली आहे, ती बघायला चालले आहे. आल्यावर ज्यांनी विचारलं त्यांना मी पोंक, लोचो, घारी अशा तिथल्या खाण्याबद्दल सांगितलं. बाकीचं सांगायला जीभ रेटत नव्हती. ते आता लिहिते आहे.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. गेली दोन वर्षं इथल्या वर्तमानपत्रात इंटरनेटवर लेखही लिहिते. माहिती मिळणं हा आपला हक्क आहे असं सांगणारा कायदा आपल्याकडे आज १९९९ सालीही नाही. साहेबाच्या मनात असेल तर कागद दिसतो, नसेल तर नाही. इंटरनेट आलं की साहेबाचं मन आड येणार नाही, असं मी लिहीत होते आणि मला ते खरंच वाटत होतं. सुरतेच्या योजनेची बातमी वाचून मी हुरळून गेले. योजना कुठल्या खात्याची ते इथं लिहीत नाही. ज्यांची गोष्ट सांगते आहे त्यांना अजून त्याच शहरात राहायचं आहे. त्यांची आणि इतरांची नावंही मी बदलली आहेत.

पर्वत पाटिया

आमच्या प्रयोगशाळेतले सहायक तायडे यांची थोरली बहीण सुरतेत असते. "लॉजमध्ये कायले राहता मॅडम, माह्या बहिणीकडे उतरा," असं म्हणून त्यांनी तिचा पत्ता वहीच्या कागदावर नकाशा काढून दिला. पर्वत पाटियाच्या चौकात उतरून तो नकाशा घेऊन मी अर्धा तास फिरले. कापडाच्या ताक्यांनी भरलेले टेम्पो अंगावरून जात होते आणि रस्ता विचारावा तर प्रत्येक जण वेगळ्या दिशेला हात करत होता. शेवटी एका रसावाला खमण विकणाऱ्या गाडीवाल्याने मला मराठीतून विचारलं, "कोणाकडे जायचंय?" तो परभणीचा निघाला. मग कमलबाईंचं घर दोन मिनिटांत सापडलं.

घर म्हणजे लूमच्या शेडमागची एक खोली. पलीकडे दिवसभर माग चालतात. भिंतीला पाठ टेकली की पाठीत खटखट जाणवते. पहिल्या दिवशी मला बोलणंच ऐकू येईना. कमलबाई मात्र हळू आवाजात बोलत होत्या आणि त्यांच्या घरातल्या सगळ्यांना ते ऐकू जात होतं.

कमलबाई मूळच्या मलकापूरकडच्या. वय पन्नाशीच्या आत, अंगानं बारीक, कपाळ मोकळं. कोनाड्यात बुद्धाची तसबीर, खाली दोन ताजी फुलं. नवरा देविदास लूमवर, बारा तासांच्या पाळीत. त्या स्वतः घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या. सकाळी एक माणूस साड्यांचा गठ्ठा आणून टाकायचा, संध्याकाळी घेऊन जायचा. मी गेले तेव्हा जांभळी साडी मांडीवर होती. गोंदाची कांडी बाजूला ठेवून त्यांनी हात धुतले आणि माझ्यासमोर पोंक ठेवला. आपला ज्वारीचा हुरडाच तो, फक्त दाणा बारीक आणि बरोबर लिंबू-मिऱ्याची शेव.

"आपल्याकडे हुरड्याले शेतात जा लागते," त्या म्हणाल्या. "इथं तो पुडीत येते. चव तेच हाये. थोडा धूर कमी."

जेवताना त्यांची हकीकत कळली. लग्नानंतर पंधरा वर्षं ते खाडीच्या काठावरच्या वस्तीत राहिले. तिथून रस्ता काढायचा ठरला. खात्याची माणसं आली, नावं लिहिली, घरापुढे उभं करून फोटो काढले, प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि घरं पाडली. शहराबाहेर सचिन नावाच्या गावाकडे नव्या खोल्या बांधून मिळतील असं सांगितलं होतं. त्याला चार वर्षं झाली.

"विचाराले गेलं का म्हणते, यादी वर गेली हाये. वर कुठं गेली, कोनाले मालूम."

मी ताट बाजूला सारून त्यांना सांगायला लागले. तीच यादी आता इंटरनेटवर आहे. त्यासाठीच मी आले आहे. उद्या आपण जाऊ आणि तुमचं नाव बघू. कोणाला विचारायची गरज नाही. देविदास कामावर निघाले होते, ते दारात थांबून ऐकत राहिले. ते एवढंच म्हणाले, "जाऊन या. पाह्याले काय लागते."

माहिती केंद्र

केंद्र एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर होतं. चपला बाहेर काढायच्या, आत थंडगार हवा, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीवर गुजरातीत मोठी पाटी: तमारी सरकार, तमारी सामे. तुमचं सरकार, तुमच्यासमोर. आम्ही गेलो तेव्हा आत तिथली नीताबेन आणि पंखा पुसणारा माणूस यांच्याशिवाय कोणी नव्हतं. नीताबेन पंचविशीची, चटपटीत. मी धुळ्याहून मुद्दाम आले म्हटल्यावर तिने माझ्यासाठी चहा मागवला आणि कमलबाईंसाठीही मागवला. हे मी लिहून ठेवते, कारण पुढे इतर कुठल्या टेबलावर कमलबाईंना चहा मिळाला नाही.

मोडेमची कर्रकर्र संपली आणि पान हळूहळू, एकेक ओळ करून खाली उतरू लागलं. कमलबाई उभ्याच होत्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं. यादी गुजरातीत होती, वस्तीच्या नावाप्रमाणे लावलेली. नीताबेनने बोट ठेवलं. "आ रह्यां. कमलबेन देविदास वानखेडे." नावापुढे इमारतीचा नंबर, खोलीचा नंबर आणि शेवटच्या रकान्यात एक तारीख आणि दोन शब्द.

"काय लिवलं हाये?" कमलबाईंनी विचारलं.

नीताबेनने माझ्याकडे पाहिलं. मला गुजराती अक्षरं लागतात. मी वाचलं. कब्जो सोंप्यो. म्हणजे ताबा दिला.

"कोनाले देला?"

"तुम्हाला. दोन वर्षांपूर्वी."

त्यांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मी तिथं राहते?"

मी सगळी यादी खाली-वर करून पाहिली. खाडीकाठच्या सगळ्याच घरांपुढे तेच शब्द होते. त्यातली निम्मीशिम्मी कुटुंबं आजही कमलबाईंच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहतात, हे त्यांनी नावं ऐकताच ओळखलं. मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. चार वर्षं जे दडवलं ते एका सकाळी सापडलं होतं. माझ्या लेखात जे लिहिलं होतं ते डोळ्यांपुढे घडत होतं. मी त्या पानाची छापील प्रत काढून घेतली आणि तक्रारीचा फॉर्म उघडायला सांगितलं.

फॉर्ममध्ये पहिल्याच रकान्यात नाव आणि पत्ता. नीताबेनने हात कीबोर्डवरच ठेवून मला हिंदीत, हळू आवाजात विचारलं, "पता पूरा डालना है? नाम छोटा भी चलता है. ये सब को दिखता है, बेन."

मी तिला सांगितलं, की सगळ्यांना दिसतं म्हणूनच पूर्ण लिहायचं. नाव लपवून तक्रार करायची तर निनावी चिठ्ठी आणि इंटरनेट यात फरक काय राहिला? लोकशाहीत माणसाने आपल्या नावानं उभं राहायला पाहिजे. असं बरंच बोलले मी. मी कमलबाईंना विचारलं.

"तुमी म्हनता तं लिवा," त्या म्हणाल्या.

नाव, शेडचा नंबर, गल्ली, सगळं लिहिलं. परतताना मी रस्त्यावर लोचो घेतला, वाफाळलेला, वर तेल आणि कच्चा कांदा. त्या दिवशी सुरत मला फार आवडली.

सचिन

दुसऱ्या दिवशी खोली बघायला गेलो. ही कल्पना कमलबाईंची. "कागदावर माही खोली हाये तं पाहून तं येऊ," त्या म्हणाल्या आणि त्यांनी ठेवणीतली निळी साडी नेसली.

सचिनला औद्योगिक वसाहतीच्या कडेला चार मजली इमारती आहेत. हवेत रसायनाचा उग्र वास, घशात खवखव, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी. खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर एक तरुण बाई तान्ह्या मुलीला पायावर घेऊन तेल लावत होती. मी मराठीत विचारलं तर तिने मराठीतच उत्तर दिलं. ती हिंगोलीकडची, सुमन. नवरा बांधकामावर.

"कुणाकडं आलाव?"

कमलबाईंनी आपलं नाव सांगितलं. सुमनचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजी तुमीच का त्या कमलबाई? या की आत. आमचं लाइटबिल तुमच्याच नावानं येतंय बगा. एकबी चुकवलं न्हाई आमी."

ती लगबगीनं आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून बिलांची चळत घेऊन आली. ओळीनं लावलेली, प्रत्येकावर भरल्याचा शिक्का. वर गुजरातीत नाव: कमलबेन देविदास वानखेडे. तिला वाटलं घरमालकीण बिलं तपासायला आली आहे. खोली तिला नाना नावाच्या एका माणसाने भाड्याने दिली होती. भाडं तोच न्यायला येतो.

कमलबाईंनी तिला काहीच सांगितलं नाही. त्या खोलीत गेल्या. एक खिडकी, छोटा ओटा, नळ. त्यांनी नळ सोडला, पाणी आलं, तशी त्यांनी तो लगेच बंद केला. मग सुमनच्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या. सुमनने गूळ घालून काळा चहा केला. निघताना तिने कमलबाईंच्या पायाला हात लावला. "खोलीची काळजी करू नका. भित्तीला खिळाबी ठोकला न्हाई."

परत रिक्षानं निघालो. वाटेत उधना लागल्यावर कमलबाई म्हणाल्या, "पोरीनं खोली चांगली ठेवली हाये."

मी म्हटलं, "ती खोली तुमची आहे."

"हो ना," त्या म्हणाल्या.

साहेबांचं टेबल

तिसऱ्या दिवशी मी छापील पान घेऊन खात्याच्या कार्यालयात गेले. कमलबाई बरोबर होत्या. साहेब सभ्य होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. कमलबाई उभ्या राहिल्या. मी दुसरी खुर्ची ओढली तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू द्या." मी कॉलेजात शिकवते हे कळल्यावर साहेबांनी इंटरनेट किती मोठी क्रांती आहे यावर पाच मिनिटं भाषण केलं. माझ्या लेखात जी वाक्यं असतात तीच वाक्यं. मग मी ते पान पुढे केलं.

"आ तो इंटरनेट छे, बेन," ते हसून म्हणाले. "आ रेकॉर्ड नथी." हा काही दप्तरातला कागद नव्हे. यावर सही नाही, शिक्का नाही. इंटरनेट जाणून घेण्यासाठी आहे, भांडायला नाही.

"मग दप्तर दाखवा."

दप्तर दाखवायचा नियम नाही. पण माझ्यासारख्या शिकलेल्या बाईसाठी म्हणून त्यांनी फाइल मागवली. आत ताबापावती होती, अंगठा उठवलेला. कमलबाई सही करतात. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात जाऊन शिकल्या आहेत. मी ते सांगितलं. साहेबांनी पान उलटलं. मागे वीजबिलांच्या प्रती लावलेल्या होत्या, सुमनने वेळेवर भरलेल्या.

"बाई तिथं राहत नाहीत तर त्यांच्या नावाची बिलं कोण भरतं?" त्यांनी हिंदीत विचारलं. मी नाना आणि भाडेकरू यांच्याबद्दल सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे सरकारनं दिलेली खोली यांनी भाड्यानं लावली आहे, असं तुम्ही सांगताय. असं असेल तर वाटप रद्द होतं आणि गुन्हाही दाखल होतो. लेखी देता का?"

जे मी पुरावा म्हणून घेऊन गेले होते, ते माझ्यासमोरच उलटं फिरवून त्यांनी कमलबाईंच्या गळ्यात घातलं. कमलबाईंना हिंदी पुरतं समजतं. त्यांनी माझ्या बाहीला धरलं. "चला ताई."

तोपर्यंत त्या मला मॅडम म्हणत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा ताई म्हणाल्या आणि तेही मला तिथून बाहेर काढण्यासाठी.

नाना

चौथ्या दिवशी सकाळी साड्यांचा गठ्ठा आला नाही. कमलबाईंनी गोंद कालवून ठेवला होता, त्यावर साय धरली. दहाच्या सुमारास दारात मोटरसायकल थांबली आणि पांढऱ्या शर्टातला, साठीला टेकलेला एक माणूस आत आला. त्यानं बुद्धाच्या तसबिरीला हात जोडले, कमलबाईंना "कशा शेत?" म्हणून विचारलं आणि माझ्याकडे वळून अहिराणीतच म्हणाला, "तुमी धुयान्या ना? मी बी तठलाच शे, शिरपूरकडना. आपलंच मानूस."

चार दिवस गुजराती आणि हिंदीत वावरल्यावर घरची बोली कानावर पडली की मन आपोआप सैल होतं. माझंही झालं आणि त्याची मला अजून लाज वाटते. हाच नाना.

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून जमिनीवर पसरला. कमलबाईंची तक्रार होती. मी सांगितलेल्या शब्दांत, माझ्या स्वल्पविरामांसकट, पूर्ण नाव, शेडचा नंबर, गल्ली. इंटरनेटवरून काढलेली प्रत.

"नीट लिखेल शे," तो म्हणाला. "पत्ता बी नीट. माले शोधनं पडनं नही."

तो एकदाही आवाज चढवून बोलला नाही. त्यानं सांगितलं, की तक्रार राहिली तर चौकशी होईल. चौकशी झाली तर सचिनच्या त्या पोरीला तान्ह्या लेकरासकट बाहेर काढावं लागेल, कारण ती बेकायदा राहते. मग कमलबाईंवर खोली भाड्यानं दिल्याची केस होईल. देविदासच्या लूमचा शेठ पोलिसांची भानगड नको म्हणेल. आणि साड्यांचा माणूस तर आज आलाच नाही, हो ना? यातलं काही व्हावं असं त्याला वाटत नव्हतं. म्हणून त्यानं दुसरा कागद आणला होता, गुजरातीत टाइप केलेला. खोलीचा ताबा मिळाला आहे, तक्रार गैरसमजातून झाली, ती मागे घेते.

मी म्हटलं, "कमलबाई, सही करू नका. आपण वरच्या साहेबांना लिहू. मी पेपरात लिहिते. तुमच्या वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून…"

"ताई," त्यांनी मला थांबवलं. "तुमी उद्या धुळ्याले जासान. मी इथंच राहीन."

"पण खोली तुमची आहे."

"खोली त्या पोरीची हाये. ते राहते तिथं. माह्यापाशी नुसती चिठ्ठी होती, तिचं बी आता काई चालनार नाई." मग नानाकडे वळून म्हणाल्या, "तिले काढनार नाई ना?"

"नही काढाव," नाना म्हणाला.

त्यांनी पेन घेतलं. त्या सही फार सावकाश करतात, प्रत्येक अक्षर सुटं, वेलांट्या गोल. 'कमल देविदास वानखेडे'. खात्याच्या फाइलीत त्यांची खरी सही एकच असेल, आणि ती या खोट्या कागदावर आहे. नानानं कागदावर फुंकर मारून शाई वाळवली. जाताना मला म्हणाला, "धुयाले जाशात तव्हय शिरपूरले बी या. घर शे आपलं."

शेवटचा दिवस

बस दुपारी होती. सकाळी आम्ही माहिती केंद्रात गेलो. निदान कमलबाईंचा पत्ता तरी पडद्यावरून काढून टाकावा, एवढंच मला हवं होतं. नीताबेनने प्रयत्न केला. दोनदा, तीनदा. मग खुर्ची मागे सारून म्हणाली, "मेरे हाथ में नहीं है, बेन. लिखा हुआ मिटता नहीं. सिर्फ 'निकाल हुआ' लिख सकते हैं."

मागे घेतल्याचा कागद तिच्याकडे आधीच पोचला होता. तक्रारीपुढे 'निकाल थयो' लिहिलं की ती बंद होणार होती. पण त्याआधी फॉर्ममध्ये एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. अर्जदाराचं समाधान झालं का? हो किंवा नाही.

"नाही दाबलं तर?" मी विचारलं.

"तर तक्रार पुन्हा उघडते आणि साहेबांकडे जाते."

नीताबेनने हात मांडीवर ठेवले होते. तिला ते स्वतः दाबायचं नव्हतं. मी कमलबाईंना प्रश्न मराठीत समजावून सांगितला. त्यांनी मला तो दोनदा सांगायला लावला.

"असं विचारते का थे?" त्या म्हणाल्या. "माह्यं समाधान झालं का म्हणून?"

"हो."

"आतापर्यंत कोनी नाई विचारलं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "हो दाबा."

शेवटी ते बटण मी दाबलं.

बस स्टँडवर त्या मला सोडायला आल्या. दुपारी गठ्ठा येणार असल्याचा निरोप मिळाला होता, म्हणून त्यांना घाई होती. भाकरी आणि ठेचा बांधून दिला, वर पोंकाची एक पुडी. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं तरी विचारलं, "माझ्यावर राग आहे का?"

"राग कायचा," त्या म्हणाल्या. "तुमी चांगल्यासाठीच केलं." बस सुरू झाली तशा त्या खिडकीजवळ आल्या आणि गजाला धरून, लूमच्या शेडमागे बोलतात तशा हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या टायमाले या ताई. पण नुसत्या भेटाले या."